दोन बयानं

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. चंद्रपूरच्या कोर्टात माझ्या पाठीमागे मला 'तिखट मॅडम' म्हणतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. पण यंदाच्या एप्रिलमध्ये चिडण्याच्या भरात मी जे केलं, ते आठवलं की अजून जागेवर बसवत नाही. उठते, पाणी पिते, परत बसते. म्हणून लिहून काढते आहे.

गुणवंतराव भाऊ आमच्याकडचे जुने वकील. त्यांच्या ऑफिसात मी सात वर्षं ज्युनियर आहे. जंगलालगतच्या गावांची प्रकरणं आमच्याकडे जास्त येतात. वाघानं माणूस मारला आणि भरपाई अडली की लोक भाऊंची पाटी शोधत येतात. अशी तीन प्रकरणं एकत्र करून नागपूरच्या हायकोर्टात याचिका टाकायचं यंदा ठरलं. ती चालवायला तिथल्या एक मोठ्या वकीलबाई तयार झाल्या. त्यांनीच सुचवलं की कायद्याचा एक विद्यार्थी निवडा. तो महिनाभर तुमच्याकडे, मग दोन महिने माझ्या चेंबरमध्ये इंटर्न म्हणून काम करेल. काम पसंत पडलं तर पुढे ज्युनियर म्हणून मी ठेवून घेईन.

बाहेरच्या माणसाला यात काय मोठं ते कळणार नाही. वकिलीत डिग्री सगळ्यांकडे असते, बसायला खुर्ची नसते. खुर्ची मामा देतो, काका देतो, नाहीतर सासरा देतो. इथे ती कामावर मिळणार होती आणि एकच होती.

"रंजीता, निवड तू कर," भाऊ म्हणाले. "मले त्यात पाडू नको. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी नाव सांग, मी बाईले कळवतो."

माझ्या हातात असं काही पहिल्यांदाच आलं होतं. मी शिकत होते तेव्हा नागपूरच्या एका ऑफिसात अर्ज घेऊन गेले होते. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला नाही, फक्त कॉलेजचं नाव वाचलं. "तिथे वर्ग भरतात का हो?" असं त्यांनी विचारलं आणि खोलीतले सगळे हसले. जास्त झोंबलं ते हे, की वर्ग खरंच फारसे भरत नव्हते. मी सगळं घरी वाचून पास झाले होते. पण ते विचारायला कोण बसलंय? त्या दिवसापासून मोठ्या लॉ युनिव्हर्सिटीचं कुणी दिसलं की माझं डोकं आपोआप तापतं.

चाळीसेक अर्जांतून दोन उरले. पहिला अजय, कोरपन्याचा, माझ्याच कॉलेजचा. एसटीनं आला होता, शर्टाची कॉलर विरलेली. "मॅडम, माह्यं इंग्रजी थोडं कच्चं हाय, पण मी शिकून घेतो," म्हणाला. मला तो तिथेच आवडला. खोटं कशाला बोलू?

दुसरी उर्वशी. राष्ट्रीय विधी विद्यापीठ, चौथं वर्ष. अर्जावर नाव लिहिलेलं 'उर्वशी कमला'. आडनाव नाही, आईचं नाव. मी मनात म्हटलं, आली शहरी फॅशन. पत्ता होस्टेलचा. आणि मराठी इतकी स्वच्छ की रेडिओवरच्या बातम्या ऐकतोय असं वाटावं.

"मूळची कुठली तू?" मी विचारलं.

ती जरा थांबली. "होस्टेललाच असते मॅडम, चार वर्षं झाली."

"मग इकडे जंगलात कशाला? तुला काय, मुंबई-दिल्लीत कुठेही मिळेल."

"ही याचिका महत्त्वाची आहे," ती एवढंच म्हणाली. मी तिला पुण्याची ठरवून टाकलं. बापाचा बंगला असणार, दारात गाडी असणार, आणि 'आदिवासी भागात काम केलं' अशी एक ओळ बायोडाट्यात हवी असणार. हे सगळं तिनं मला सांगितलं नव्हतं. माझं मीच रचलं.

दोघांना एकेक परीक्षा द्यायची ठरवली. याचिकेतल्या एकेका घरी जाऊन बयान लिहून आणायचं. अजयला चिमूरकडचं गाव दिलं, रस्त्यावरचं, दिवसाला चार बस. उर्वशीला दिलं पिंपळटोला. आरमोरीच्या पुढे बस सोडायची आणि तीन किलोमीटर चालायचं. फोनला रेंज नाही. तिथल्या अंजनाबाईची सून रुखमाबाई गेल्या वर्षी मोहफुलं वेचताना वाघानं मारली. ती ज्या झाडाखाली मेली ते झाड बंदी असलेल्या भागात येतं, तिथे ती गेलीच कशाला, असं म्हणून भरपाई अडली होती. आमच्या माणसानं अंजनाबाईकडे दोन चकरा मारल्या, म्हातारी दोन वाक्यांच्या पुढे बोलली नाही. उर्वशीला मी मुद्दाम तिकडे धाडलं. संध्याकाळी तुटकी चप्पल हातात घेऊन परत येईल, असं मला वाटत होतं. वाटत कसलं, तशी इच्छाच होती. गावाचं नाव ऐकून ती पुन्हा जरा थांबली. घाबरली, असा मी अर्थ काढला.

अजय दुसऱ्या दिवशी सात पानं घेऊन आला. अक्षर सुरेख होतं. मी पानं चाळली, वर टिक केली, त्याला चहा पाजला.

उर्वशी चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी दारात उभी. नाक उन्हानं सोललेलं, हातात एकोणीस पानं. मी उभ्याउभ्याच पहिली दोन वाचली. तिथे लिहिलं होतं की पिंपळटोल्यात मोहाचं प्रत्येक झाड कुणा ना कुणा घराचं आहे. फुलं गळायच्या आधी ज्याचं झाड तो खालचा पाला झाडून जाळतो. ज्यानं जाळलं त्याचं झाड, दुसरा तिथे फूल उचलत नाही. रुखमाबाईच्या झाडाखाली तिच्या सासऱ्याचा बाप पाला जाळायचा. म्हणजे बाई चोरून कुठे शिरली नव्हती, घरच्या झाडाखाली गेली होती. पुढे अंजनाबाईच्याच शब्दांत लिहिलं होतं की त्या पहाटे सुनेला मीच लवकर उठवली, रात्री उकाडा होता, फुलं जास्त पडली असणार म्हणून.

मी तिसरं पान उलटलंच नाही.

"हे कुठल्या रिपोर्टातून उचललंस?"

"मॅडम?"

"अंजनाबाई आमच्या माणसाशी बोलत नाही. तुझ्याशी एकोणीस पानं बोलली? कुठल्या भाषेत बोलली, सांग ना."

आमचे कारकून लटारूभाऊ टाइप करायचे थांबले. अजय चहाचा ग्लास हातात धरून बसला होता, त्यानं खाली बघितलं.

"तुम्ही पूर्ण वाचा ना, मॅडम," ती हळू म्हणाली.

"वाचायची गरज नाही. तुमच्या युनिव्हर्सिटीत कॉपी-पेस्ट चालत असेल. आम्ही इथे लोकांच्या जिवाचे कागद करतो."

तिनं बॅग उचलली आणि गेली. रडली नाही, भांडली नाही. मी पानं ड्रॉवरमध्ये टाकली. त्या दिवशी मला चांगली भूक लागली, हेही लिहूनच ठेवते.

पण बुधवारपासून काहीतरी टोचायला लागलं. रिपोर्टात झाडं असतात, आकडे असतात. 'सुनेला मीच लवकर उठवली' हे कुठल्याही रिपोर्टात नसतं. ते वाक्य कुणीतरी कुणालातरी सांगितल्याशिवाय कागदावर येत नाही. मी ते डोक्यातून झटकत होते आणि ते पुन्हा येऊन बसत होतं. गुरुवारी मी एका पक्षकारावर उगीच खेकसले. शुक्रवारी भाऊंनी विचारलं, "झालं का नाव पक्कं?" मी म्हटलं, "होईल." अजयचं नाव जिभेवर होतं आणि बाहेर येत नव्हतं.

शनिवारी लटारूभाऊंना घेऊन पिंपळटोल्याला निघाले. कारण सांगितलं प्रतिज्ञापत्राचं, आणि शाईचा पॅडही सोबत घेतला. मनात होतं की म्हातारीच्या तोंडून खोटेपणा उघडा पाडायचा, मग झोप लागेल.

अंजनाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही, माझ्या मागे बघितलं.

"थे पोट्टी काऊन नाई आली?"

"कोणती?"

"उर्वशी वं, कमलाची."

"तुम्ही तिला आधीपासून ओळखता?"

"आता घ्या! आरमोरीची कमला कोनाले मालूम नाई? नाटकात काम करते थे. आमच्या गावात दरसाल नाटक येते. नवरा सोडून गेल्यावर पोट्टीले संगंच घेऊन हिंडे बिचारी. ही लहानी होती तं पडद्याच्या मागं बसून मायले बोल सांगे. सगळी वही तोंडपाठ."

मी खाटेवर बसले. आमच्या झाडीपट्टीत धानाची कापणी झाली की गावोगाव नाटकं होतात. बघणारे आम्ही 'मले-तुले' बोलणारे, पण स्टेजवरची नायिका मात्र पुस्तकी मराठी बोलते. ती मराठी या पोरीनं पडद्यामागे बसून पाठ केली होती. मी तिला पुणं चिकटवून मोकळी झाले होते. आणि नाटकातल्या बाईबद्दल आपल्याकडे काय काय बोलतात, तेही मला माहीत आहे. लटारूभाऊंसमोर, अजयसमोर ती कुठल्या तोंडानं सांगणार होती की कोणत्या भाषेत बोलले?

"चार दिवस राह्यली," अंजनाबाई सांगत होती. "पयले दोन दिवस तं कागदच काढला नाई तिनं. माह्यासंगं मोहं वेचले. सून गेली त्या झाडाखाली आली. तुमचा मानूस इथी अंगणातूनच विचारे, तिकडं याले भ्याला. मंग मीच तिले म्हनली, लिव आता."

परतीची बस पकडली. मूलचा स्टँड आल्यावर लटारूभाऊंनी खाकरून घेतलं.

"मॅडम, आता निंगालंच हाय तं सांगतो. थो अजय हाय नं, त्याच्या मामाचे सिमेंटच्या प्लांटवर तीस ट्रक चालतात. नागपुरात मामाच्या दोस्ताचं वकिलीचं मोठं ऑफिस हाय. पोट्ट्याले तिथी कवाबी बसता येते."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुमी त्याची कॉलर पाहून खूश होऊन राह्यल्या होत्या. म्या कायले मधात बोलू?" जरा थांबून म्हणाले, "पोट्टा चांगला हाय पन."

मला अजय आणि उर्वशी दोघांचाही राग आला, आणि लटारूभाऊंचाही, आणि बसमधल्या पोराच्या मोबाइलवर वाजणाऱ्या गाण्याचाही.

रविवारी सकाळी उर्वशीला फोन केला. ती आरमोरीला घरी होती. मी ठरवून ठेवलं होतं ते सगळं बोलले. माझं चुकलं, मी असं बोलायला नको होतं, सोमवारी भाऊंना तुझं नाव सांगते, जागा तुझीच. बोलून झाल्यावर मी थांबले. ती आभार मानेल, असं मला खरोखर वाटत होतं.

"तुम्ही पिंपळटोल्याला गेला होतात," ती म्हणाली.

"हो."

"आईचं कळलं."

"कळलं. आणि मला फार वाईट..."

"म्हणून जागा देताय?"

'तसं नाही' असं मी म्हणायला लागले. मग ती बोलली ते त्या रेडिओच्या मराठीत नाही.

"मंगळवारी म्या देला थो कागद अन् आजचा कागद येकच हाय, मॅडम. मंगळवारी मी शहरची होती, तं कागद चोरीचा. आज मी कमलाची पोट्टी झाली, तं कागद खरा. कागदात काय बदललं थे सांगा नं मले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"होस्टेलात म्हनतात, ही सवलतीतून आली. इथी तुमी म्हनल्या, मोठ्या कॉलेजची हाय, उचलून आनलं. आता म्हनान, गरिबाची हाय, देऊन टाका. माह्यं लिवलेलं कोनीच नाई वाचून राह्यलं. तुमी वाचलं का पूर्ण?"

खोटं बोलता आलं असतं. एकोणीस पानांतलं काय विचारणार होती ती?

"नाही," मी म्हटलं. "दोन पानं वाचली."

"अन् अजयचं?"

"त्याचंही नाही. पण त्याचं काय, त्याला मामा आहे. त्याला कुठेही..."

"माह्याबद्दलबी असंच म्हनल्या होत्या नं?" तिनं मला तिथेच तोडलं. "दोन्ही वाचा जी. मंग फोन करा." आणि फोन ठेवला.

मी इतकी भडकले म्हणता! कालची पोरगी मला शिकवते. सात वर्षं कोर्टात काढलेल्या बाईला म्हणते, वाचा. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली, आईनं विचारलं तर तिच्यावरच ओरडले. दोन वेळा फोन हातात घेतला, अजयचं नाव पक्कं करून टाकावं म्हणून. ती शुद्ध सूडबुद्धी होती, मला कळत होतं. अकरा वाजता ऑफिसची किल्ली घेतली आणि गेले.

पंखा लावून आधी अजयची सात पानं काढली. व्यवस्थित होती. तारखा बरोबर, नकाशा काढलेला, सरपंचाचं म्हणणं मुद्देसूद. पण तिसऱ्या पानावर त्यानंच लिहिलं होतं, 'मयताचे पती कोपऱ्यात बसून होते, ते काही बोलले नाहीत.' आणि तो पुढच्या मुद्द्यावर गेला होता. सात पानं सरपंच बोलत होता. मेलेल्या बाईचा नवरा एका ओळीत संपला होता. आणि मी यावर टिक केली होती.

मग उर्वशीची एकोणीस. वाचताना मध्येच उभी राहिले, पुन्हा बसले. शेवटच्या तीन पानांत अकरा घरांची नावं होती, कुणाचं झाड कुठलं, पाला कुणाचा आजा जाळत होता, आणि शेजाऱ्यांनी त्याला दिलेली साक्ष, अंगठ्यांसकट. आमच्या याचिकेला जो आधार मी वर्षभर शोधत होते, तो पाच दिवस माझ्याच ड्रॉवरमध्ये पडला होता. माझी मलाच लाज वाटली, आणि ती लाज रागासारखी बोलून टाकता येत नव्हती.

सोळाव्या पानावर मात्र मी अडखळले. तिथे अंजनाबाईच्या तोंडी एक वाक्य होतं, 'ज्या वृक्षाने आम्हाला पोसले, त्याच वृक्षाच्या साक्षीने माझे घर उजाडले.' मी ते तीनदा वाचलं. पेन्सिल घेतली, खाली रेघ मारली आणि फोन लावला.

"वाचली," मी म्हटलं. "दोन्ही."

"हं."

"पान सोळा. खालून चौथी ओळ. हे अंजनाबाईचं नाही."

मी ते वाक्य तिला वाचून दाखवलं.

"समोरचा वकील म्हातारीला पिंजऱ्यात उभी करून हे वाक्य म्हणायला लावेल. तिला ते म्हणता येणार नाही. मग बाकीची अठरा पानंही तुझीच ठरतील. हे कुठून आलं?"

"माह्यं हाय," ती म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "थे रडून राह्यली होती. नुसती 'झाड, झाड' म्हने. मले लिवता येत नोतं, मंग..."

"'झाड, झाड' एवढंच लिहायचं."

"हो जी."

"उद्या दहाला ये. पान नव्यानं लिहायचं, पुन्हा पिंपळटोल्याला जाऊन तिला वाचून दाखवायचं आणि अंगठा पुन्हा घ्यायचा. तुला नागपूरला पाठवायचं ते याच बयानाच्या जोरावर, त्यामुळे त्यात असलं काही चालणार नाही."

"म्हनजे मले घेतलं?"

"तुझं बयान त्याच्यापेक्षा चांगलं आहे. चूक धरूनही चांगलं आहे."

ती रडतेय की हसतेय ते मला कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "अजयले काय सांगाल?"

"सांगेन, नाही झालं."

"मामाचं काढू नका, मॅडम. पानावरचं सांगा."

सोमवारी अजय साडेनऊलाच आला, नवा शर्ट घालून. आमच्या कॉलेजचा म्हणून जागा आपलीच, असं माझ्याच वागण्यावरून त्याला वाटलं असणार. मी त्याला समोर बसवलं आणि जागा मिळाली नाही, असं सरळ सांगितलं. त्याचा चेहरा पडला. 'तुला काय, तुझा मामा आहे' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तसं म्हटलं असतं तर दोन मिनिटांत सुटले असते. ते गिळलं आणि त्याची सात पानं उघडली. तारखा कशा नेमक्या आहेत, नकाशा कसा कामाचा आहे, हे दाखवलं. मग तिसरं पान काढलं. हा नवरा कोपऱ्यात का बसला होता? त्याच्याजवळ जाऊन बसलास का? सरपंच उठून गेल्यावर थांबलास का? एकेका ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारत अर्धा तास बोलले. त्यानं एकदाही मान वर केली नाही.

बोलून झाल्यावर त्यानं पानं सरळ केली आणि माझ्या पेन्सिलच्या रेघांवरून बोट फिरवलं.

"मॅडम," तो म्हणाला, "मामाच्या नावावर आजवर सगळं भेटत गेलं. म्या लिवलेलं कोनी वाचलंच नोतं."

मग लटारूभाऊंकडे वळून त्यानं चिमूरकडच्या त्या गावाची बस किती वाजता आहे ते विचारलं.